एक मान्सून, दोन समुद्र

आजचा विषय आहे समुद्राच्या वरच्या पाण्यातला कार्बन डायऑक्साइड. पण सुरुवात करतो अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातून.

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून खाली कोसळलेलं पावसाचं पाणी कोकणातून अरबी समुद्राला मिळतं. तिथून जवळच, रतनगडाच्या परिसरात उगम पावणारी प्रवरा मात्र पूर्वेची वाट धरते. भंडारदरा भरते, प्रवरासंगमला गोदावरीत मिसळते आणि शेवटी बंगालच्या उपसागरात पोचते. आता गंमत बघा, कार्बनच्या हिशेबात हे दोन समुद्र अगदी वेगळे वागतात.

हे कळलं कसं? १९६० च्या आसपास हिंदी महासागराची माहिती फार कमी होती. म्हणून अनेक देशांनी मिळून एक मोठी मोहीम काढली. त्यातूनच १ जानेवारी १९६६ ला आपली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली. तिचं मुख्यालय गोव्यात, दोना पावलाला आहे. १९८३ मध्ये ‘सागर कन्या’ हे संशोधन जहाज आलं. १९९० च्या दशकात शास्त्रज्ञ त्यावरून अरबी समुद्रात गेले, अगदी भर पावसाळ्यातसुद्धा, आणि ऋतूऋतूचं पाणी तपासलं.

माणूस जेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो, त्यातला साधारण पाव हिस्सा जगातले समुद्र मिळून शोषतात. पण मध्य आणि पूर्व अरबी समुद्र वर्षाकाठी घेतो कमी आणि देतो जास्त, असं या मोजणीत दिसलं.

का? समुद्रातले सूक्ष्म जीव मरून खाली जातात, कुजतात. त्यामुळे खोल पाण्यात कार्बन साठत जातो. पावसाळ्यात नैऋत्य वारे सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्याजवळचं वरचं पाणी दूर ढकलतात, मग खालचं पाणी वर येतं आणि साठलेला वायू हवेत सुटतो. हिवाळ्यात उत्तरेकडे थंड वाऱ्यांनी वरचं पाणी जड होऊन बुडतं, पाणी ढवळलं जातं आणि तिथेही कार्बन वर येतो.

बंगालच्या उपसागरात मात्र गंगा, ब्रह्मपुत्रा, गोदावरीचं गोडं पाणी येतं. ते हलकं असतं, खाऱ्या पाण्यावर झाकणासारखं पसरतं. खालचं पाणी सहज वर येत नाही. म्हणून त्याचे काही भाग काही महिने हवेतला कार्बन ओढून घेतात.

मला यातली खरी गोष्ट ही वाटते: जे वारे अकोल्यात पाऊस आणतात, तेच ओमानजवळ कार्बन वर काढतात, आणि त्याच पावसाचं पाणी पूर्वेला जाऊन उपसागरावर झाकण घालतं. उद्या मान्सूनची चाल बदलली, तर फक्त धरणांचं गणित बदलणार नाही. समुद्र किती कार्बन पोटात ठेवणार आणि किती परत करणार, तेही बदलेल. म्हणून पावसाच्या बातम्या ऐकताना धरणाच्या टक्केवारीपलीकडेही थोडं बघू या.

भेटू पुढच्या भागात!