म्हैसूर रेल्वेचा हिशेब: तोटा मार्गाचा की कर्जाचा?

म्हैसूर शहराला बंगळूरशी जोडणाऱ्या संस्थानी रेल्वेबद्दल एक मत रूढ आहे. ते असे: दुष्काळात लोकांना काम देण्यासाठी रेल्वे काढली, तिला पुरेशी वाहतूक मिळाली नाही आणि तोटा सोसवेना म्हणून दरबाराने 1886 मध्ये ती सदर्न मराठा रेल्वे कंपनीच्या हवाली केली.

या मतामागे वजनदार विचार आहे. गणेश व्यंकटेश जोशी यांनी सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात रेल्वेविस्ताराची कठोर चिकित्सा केली होती. पाच टक्क्यांच्या सरकारी हमीवर आलेल्या विलायती भांडवलाचा भार रयतेवर पडला, हे खरेच आहे. पण तो दोष म्हैसूरच्या रेल्वेला सरसकट चिकटवता येत नाही.

आधी खर्च पाहू. बंगळूर-म्हैसूर हा 86 मैलांचा मीटरगेज मार्ग 1882 मध्ये पुरा झाला. खर्च सुमारे 55 लाख रुपये, म्हणजे मैलाला 64 हजारांच्या आसपास. हमीच्या रेल्वेंना मैलामागे दीड लाखाहून अधिक लागले. त्या ब्रॉडगेज होत्या, म्हणून ही तुलना काटेकोर नव्हे; पण म्हैसूरने उधळपट्टी केली नाही, एवढे तिच्यातून दिसते. दिवाण रंगाचार्लु यांनी पुढच्या विस्तारासाठी 20 लाखांचे कर्ज काढले, तेही रुपयांत.

आता वाहतूक. मद्रासकडून बंगळूरला येणारी गाडी ब्रॉडगेज, म्हैसूरची मीटरगेज. सारा माल बंगळूरला उतरवून पुन्हा चढवावा लागे. 1889 मध्ये मार्ग हरिहरापर्यंत पोचला आणि लवकरच हुबळी, पुणे, मुरगाव बंदर हे सारे एकाच गेजने जोडले गेले. त्याआधीच्या सात वर्षांवरून या रेल्वेला वाहतूक नव्हती असे ठरवणे म्हणजे अर्ध्या रस्त्यावरून पुऱ्या रस्त्याची किंमत करणे होय.

मग बोजा आला कुठून? 1886 च्या करारातून. सुमारे 12 लाख पौंडांचे कर्ज, व्याज 4 टक्के, म्हणजे सालाना 48 हजार पौंड. रुपया 18 पेन्सचा असता तर यासाठी 6 लाख 40 हजार रुपये लागत; तो 16 पेन्सवर आला की तेवढ्याच व्याजाला 7 लाख 20 हजार. गाडीत एक उतारू कमी झाला नाही, तरी 80 हजारांची भर पडली. हा तोटा हुंडणावळीचा आहे.

शिवाय एक जमा कोणत्याच ताळेबंदात येत नाही. 1871 ते 1881 या काळात संस्थानाची लोकसंख्या साडेपन्नास लाखांवरून बेचाळीस लाखांखाली आली, कारण 1876-78 चा दुष्काळ. तेव्हा धान्य रेल्वेने बंगळूरपर्यंत येत होते. पुढे न्यायला बैल उरले नव्हते. रेल्वे धान्य बाहेरही नेते, हा आक्षेप रास्त आहे, पण उपाशी मुलखात धान्य आत आणण्याचा दुसरा वेगवान मार्ग तेव्हा नव्हता.

म्हणून निवाडा असा: म्हैसूरची रेल्वे योजना शहाणपणाची होती, चुकले ते पौंडांतले कर्ज. अभ्यासकांनी या दोन गोष्टींचे हिशेब वेगळे मांडावेत.