प्राणहितेखालचं तळं

गडचिरोलीच्या सिरोंचा तालुक्यात, प्राणहितेच्या काठावरच्या कोटा गावाशी उभे राहा. आता साधारण 18 कोटी वर्षं मागे या.

नदी नाही. समोर उथळ, निवांत तळं आणि काठाला पांढुरका चुनखडीचा चिखल. मोह शोधू नका, तेंदू शोधू नका. साधं गवतसुद्धा अजून उगवलेलं नाही. आहेत ते उंच सूचिपर्णी वृक्ष, नेचे आणि सायकाडसारखी झुडपं. तुम्ही उभे आहात ती जमीन विषुववृत्ताच्या दक्षिणेला, मादागास्कर आणि अंटार्क्टिकाला चिकटलेली आहे. सह्याद्रीचा काळा दगड व्हायला अजून अकरा कोटींहून अधिक वर्षं आहेत.

झाडांतून बारापासॉरस हा डायनासोर येतो. याचीच हाडं पुढे पोचमपल्लीजवळ निघतील आणि 1975 मध्ये त्याच्या नावाला रवींद्रनाथ टागोरांचं नाव जोडलं जाईल. त्याच्याकडे सगळेच बघतात. तुम्ही पाण्याकडे बघा.

एक भुंगेरा पाण्यावर पडलाय. पाय हलतात, थांबतात. जाड, चकचकीत खवल्यांचा लेपिडोटीस मासा खालून निघून जातो. भुंगेरा बुडतो, त्याचा मऊ भाग कुजतो. उरतात ते पाठीवरचे दोन कडक पंख. त्यांच्यावर चुनखडीचा गाळ बसतो, त्यावर पुन्हा गाळ, पापुद्र्यावर पापुद्रा. तळ शांत असल्याने पंखावरची बारीक नक्षीही टिकू शकते. काठच्या सूचिपर्णीच्या सालीतून राळ पाझरत असेलही, पण या भुंगेऱ्याच्या वाट्याला चिखलच आला.

आता तेरा कोटी वर्षं पुढे या, आणि पश्चिमेला, गुजरातेत सुरतजवळच्या वास्तानला. इथे सालवृक्षाच्या कुळातली दमट जंगलं आहेत. खोडावरून राळ ओघळते आणि चालता भुंगेरा तिच्यात अडकतो, पायांसकट, मिशांसकट. त्या राळेचं अंबर झालं, लिग्नाइटच्या खाणीत सापडलं, आणि 2010 मध्ये त्यातल्या शंभरावर कीटक आणि इतर संधिपाद प्रजातींची माहिती प्रसिद्ध झाली. बहुतेक अंबर द्रावकात विरघळत नाही. हे विरघळतं, म्हणून आतला जीव सुटा काढून सर्व बाजूंनी पाहता येतो. त्यातल्या अनेक कीटकांचे नातलग दूरच्या खंडांत सापडले. भारत तेव्हा एकटं बेट होता, ही समजूत त्यामुळे डळमळली.

वर्तमानात या. कोट्याच्या चुनखडीतल्या माशांवर 1850च्या दशकापासून लिहिलं जातंय, बारापासॉरस पाठ्यपुस्तकांत पोहोचला, वडधमच्या जीवाश्म उद्यानात दगड झालेली खोडं बघायला माणसं जातात. भुंगेऱ्यांचे पंख मात्र बोटाच्या पेरापेक्षा लहान, आणि तिरप्या उन्हात भिंग धरल्याशिवाय ते दिसतही नाहीत. मला ते डायनासोरइतकेच मोलाचे वाटतात. अंबरातला भुंगेरा स्वतःचं अख्खं शरीर दाखवतो, पण वास्तानचं जंगल बारापासॉरसच्या तळ्याहून तेरा कोटी वर्षांनी धाकटं आहे. गडचिरोलीच्या दगडातला पंख त्या आधीच्या, फुलांविना जगणाऱ्या जंगलाचा साक्षीदार आहे. वास्तानच्या अंबरासाठी वापरली तेवढी नेटकी साधनं आणि तेवढा वेळ या पापुद्र्यांनाही मिळायला हवा.