प्रोबेटच्या हद्दीबाहेरचे खमरिया

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दारूगोळ्याच्या कारखान्याभोवती वसलेल्या जबलपूरच्या खमरियात संपत्तीचे स्वरूप शेतीप्रधान गावाहून आरंभापासूनच वेगळे होते. कामगाराचे घर हे सरकारी क्वार्टर असल्यामुळे ते वारसांकडे जाण्याचा प्रश्न नव्हता, जमीन असलीच तर ती मूळ गावी भाऊबंदकीत अडकलेली असे, आणि आयुष्यभराची खरी कमाई भविष्यनिर्वाह निधी, उपदान व निवृत्तिवेतन या रूपाने सरकारकडेच येणे असे. त्यामुळे मृत्यूनंतर मालमत्ता वारसांच्या हाती कशी जाते, या प्रश्नाचे उत्तर या वसाहतीत मृत्युपत्रापेक्षा कारखान्याच्या कचेरीतील सेवापुस्तकात अधिक शोधावे लागते.

तरीही मृत्युपत्राचा इतिहास येथे टाळता येत नाही, कारण त्यात जबलपूरचे स्थान नकाशाच्या एका योगायोगाने ठरले. हिंदू धर्मशास्त्रात वाटणी आणि दान यांचा विस्तृत विचार आहे. मृत्यूनंतर अमलात येणारे लेखी इच्छापत्र मात्र प्रामुख्याने ब्रिटिश न्यायालयांच्या छायेत रुजले. १८७० च्या हिंदू विल्स कायद्याने त्याला शिस्त लावली, पण ती फक्त बंगालच्या लेफ्टनंट गव्हर्नरच्या अमलाखालील मुलखात आणि मद्रास व मुंबई उच्च न्यायालयांच्या मूळ दिवाणी हद्दीत. या प्रदेशांत प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचे न्यायालयाने आपल्या शिक्क्यानिशी दिलेले प्रमाण, मिळवल्यावाचून त्यातील हक्क न्यायालयात सिद्ध करता येत नसे. पेशव्यांनी १७९८ मध्ये नागपूरच्या भोसल्यांकडे सोपवलेला आणि १८१७ मध्ये इंग्रजांनी घेतलेला जबलपूरचा मुलूख १८६१ पासून मध्य प्रांतात मोडत होता, म्हणून तो या हद्दीबाहेर राहिला. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने जुने कायदे एकत्र केले, तेव्हा कलम ५७ आणि कलम २१३ यांच्या जोडणीत तीच हद्द जशीच्या तशी उतरली. परिणामी खमरियातील हिंदू कामगाराने जबलपुरातील एखाद्या स्वतःच्या घराविषयी केलेल्या मृत्युपत्राला प्रोबेट सक्तीचे नव्हते, पण त्याच कागदात मुंबईतील एखाद्या खोलीचा उल्लेख आला तर तेवढ्यापुरते ते आवश्यक ठरे. शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाला तर जबलपुरातही ही सक्ती लागू होती आणि भारतीय ख्रिश्चनांना तीतून २००२ च्या दुरुस्तीनेच सूट मिळाली. या भेदांमागे न्यायाचे तत्त्व शोधण्यापेक्षा कंपनी सरकारच्या बंदरांचा भूगोल पाहावा, हे बरे.

वसाहतीतील मराठी कुटुंबांच्या बाबतीत आणखी एक गुंता होता. स्थलांतर करणारे हिंदू कुटुंब आपला व्यक्तिगत कायदा सोबत नेते, असे गृहीतक न्यायालये मानत आणि प्रिव्ही कौन्सिलने १९२० च्या बळवंतराव विरुद्ध बाजीराव या निकालात ते मांडले होते. हिंदू कायद्याच्या मुंबई शाखेच्या नियमांनुसार मुलीला पित्याच्या मिळकतीत पूर्ण मालकी मिळे, तर बनारस शाखेत तिचा हक्क हयातीपुरता मर्यादित राही; म्हणजे मृत्युपत्र न करता निधन झालेल्या दोन शेजाऱ्यांच्या मुलींचे हक्क, पूर्वज कोठून आले एवढ्यावरून, भिन्न ठरू शकत. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने हा शाखाभेद मिटवला आणि कलम ३० अन्वये एकत्र कुटुंबातील स्वतःच्या अविभक्त हिश्शाचेही मृत्युपत्र करण्याची मुभा दिली.

कामगाराच्या दृष्टीने मात्र निर्णायक ठरला तो १९२५ चाच दुसरा कायदा, भविष्यनिर्वाह निधी कायदा. त्याने निधीची रक्कम धनकोंच्या जप्तीपासून वाचवली आणि नामनिर्देशनाला, म्हणजे मृत्यूनंतर रक्कम कोणाला द्यावी हे कर्मचाऱ्याने आगाऊ लिहून देण्याला, कायदेशीर बळ दिले. पुढे नामनिर्देशनाची सोय विम्याला १९३८ च्या कायद्याने आणि बँकेतील ठेवींना १९८३ च्या दुरुस्तीने लाभली. न्यायालयाची पायरी न चढता पैसे हाती येण्याचा हाच सर्वांत साधा मार्ग असल्यामुळे ‘नॉमिनी म्हणजे मालक’ ही समजूत रूढ झाली. सर्वोच्च न्यायालयाने विम्याच्या बाबतीत १९८४ मध्ये आणि भविष्यनिर्वाह निधीच्या बाबतीत २००९ मध्ये ती खोडली: नामनिर्देशित व्यक्ती रक्कम स्वीकारते, पण तिची वाटणी वारसा कायद्याप्रमाणेच होते. २००९ च्या प्रकरणात कर्मचाऱ्याने विवाहापूर्वी आईचे नाव लिहिले होते आणि नंतर ते बदललेच नव्हते, तरीही पत्नीचा हिस्सा न्यायालयाने मान्य केला. पुढे २०१५ च्या दुरुस्तीने विम्यापुरता अपवाद केला आणि आईवडील, पती किंवा पत्नी व अपत्ये यांना नामनिर्देशनाने लाभाचाच हक्क दिला.

कुटुंब निवृत्तिवेतनाचा प्रकार आणखी निराळा आहे. १९६४ च्या योजनेतून आलेले हे वेतन मृताच्या मिळकतीत धरलेच जात नाही, त्यामुळे मृत्युपत्राने ते दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. स्फोटके हाताळणाऱ्या कारखान्यातील अपघाती मृत्यूच्या भरपाईविषयी १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याची दृष्टीही अशीच होती, कारण ही रक्कम आयुक्तांमार्फत वारसांऐवजी मृतावर अवलंबून असणाऱ्यांना वाटली जाई. कर्मचाऱ्याच्या मृत्यूनंतर कुटुंबातील एकाला मिळणाऱ्या अनुकंपा नियुक्तीलाही वसाहतीत बापाची गादी समजले जाई, पण ती वारसाहक्क नाही असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये बजावले.

२०२५ च्या अखेरीस संसदेने कलम २१३ वगळल्यामुळे प्रोबेटच्या सक्तीपुरते मुंबई आणि खमरिया एका पातळीवर आले आहेत. परंतु प्रोबेटमुळे मृत्युपत्राच्या खरेपणावर न्यायालयाची मोहर उमटते. ते नसल्यास मृत्युपत्र आक्षेप येईल तेव्हा सिद्ध करावे लागते, आणि त्यासाठी दोन साक्षीदारांपैकी किमान एकाची जबानी लागते. साक्षीदार हयात नसल्यास किंवा सापडत नसल्यास निदान एका साक्षीदाराचे हस्ताक्षर आणि मृत्युपत्र करणाऱ्याची सही ओळखणारे कोणी तरी शोधावे लागते, आणि बदल्या व निवृत्तीमुळे माणसे पांगत असलेल्या कारखान्याच्या वसाहतीत असा माणूस वीस वर्षांनी मिळणे जुन्या गावाइतके सोपे नसते.