लघुविद्युत् निर्मिती, यवतमाळ जिल्ह्यातील

वाहत्या पाण्यावर किंवा वाऱ्यावर टर्बाइन फिरवून अल्प प्रमाणात वीज निर्माण करणे. भारतात २५ मेगावॉटपर्यंतचा जलविद्युत् प्रकल्प लघू मानतात. सेकंदाला १ घनमीटर पाणी १० मीटर खाली पडले, तर ८० टक्के कार्यक्षमतेने सुमारे ७८ किलोवॉट वीज मिळते.

जिल्ह्यातील पूस, अरुणावती, अडाण या नद्यांचे पाणी पैनगंगेला मिळते. पैनगंगेवरील सहस्रकुंड धबधबा पावसाळ्यात रौद्र दिसतो. पण उन्हाळ्यात प्रवाह रोडावतो, म्हणून केवळ धबधब्यावर भिस्त ठेवता येत नाही. धरणातून रब्बीसाठी सोडलेले पाणी अधिक भरवशाचे. शेजारच्या मराठवाड्यात पूर्णा नदीवरील येलदरी धरणाच्या पायथ्याशी २२.५ मेगावॉटचे वीजगृह आहे. पहिल्या पुरासोबत पाला, काटक्या येऊन टर्बाइनपुढील जाळी तुंबते. ती वेळच्या वेळी उपसणारा माणूस यंत्राइतकाच महत्त्वाचा.

वाऱ्याचा वेग निम्मा झाल्यास त्यातील शक्ती एक-अष्टमांश उरते. त्यामुळे राज्यातील पवनचक्क्या मुख्यतः चाळकेवाडी, वनकुसवडे यांसारख्या सह्याद्रीच्या पठारांवर आणि धुळे-नंदुरबारकडे एकवटल्या आहेत. यवतमाळात वाऱ्यापेक्षा कालव्याच्या पाण्याचा विचार आधी व्हावा.