पनामाच्या खिंडींतील रात्रपाळी

पनामाचा कालवा कोणीं खणला असा प्रश्न निघाला म्हणजे कर्नल गोथल्स यांचें नांव घेतलें जातें, नाहीं तर वाफेच्या प्रचंड फावड्यांचीं चित्रें दाखविलीं जातात. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट हे १९०६ च्या नोव्हेंबरांत तेथें गेले, तेव्हां अशाच एका फावड्यावर चढून बसले होते. परंतु तीं फावडीं रोज सकाळीं पुन्हा खणावयास सज्ज कशीं होत, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. आणि कालव्याच्या यशाचें मर्म तर तेथेंच आहे.

हें फावडें म्हणजे रुळांवर उभें केलेलें एक लहानसें इंजिनघरच. मागें बॉयलर, पुढें कलता दांडा, आणि टोकाशीं पोलादी दातांची बादली. ब्युसायरस कंपनीचें ९५ टनी फावडें एका घासांत पांच घनयार्ड, म्हणजे सुमारें आठ टन माती-दगड उचली. कामावरील १०२ फावड्यांपैकीं ७७ याच कंपनीचीं होतीं. दिवसभर खडकाशीं झुंजल्यावर अशा यंत्राची काय दशा होते, याची कल्पना आपल्या गांवच्या लोहारालाहि करतां येईल. दात बोथट होतात, सांखळीचे दुवे ताणतात, रिव्हेट ढिले पडतात, बॉयलरच्या नळ्यांत क्षार सांचतो. यांतील एखादा दोष आदल्या रात्रीं नजरेंतून सुटला, कीं दुसऱ्या दिवशीं फावडें तर थांबेच, पण त्याच्यापुढें माती भरून घेण्यास आलेली आगगाडीहि थांबे, आणि तिच्या मागची सारी रांग खोळंबे.

१९०४ सालीं अमेरिकेनें काम हातीं घेतलें तेव्हां हा विचार कोणास नव्हता. माती उडतांना दिसली पाहिजे, एवढाच तगादा. पहिले मुख्य इंजिनियर वॉलेस यांनीं १९०५ च्या जूनमध्यें राजीनामा दिला. त्यांच्या जागीं आलेले जॉन स्टीव्हन्स हे मूळचे रेल्वेचे. त्यांनीं ऑगस्टमध्यें कुलेब्रा खिंडींतील खोदकामच बंद ठेवलें! उतावळ्यांस हा वेडेपणा वाटला असल्यास नवल नाहीं. पण साऱ्या कामांत याहून शहाणपणाचा हुकूम क्वचितच निघाला असेल. आधीं डांसांचा बंदोबस्त, मजुरांची घरें, भक्कम रूळ, आणि दुरुस्तीचे कारखाने. गोर्गोना येथें फ्रेंचांच्या जुन्या जागेवर मोठा कारखाना उभा राहिला. फ्रेंच कंपनीनें मागें टाकलेलीं रेल्वे-इंजिनेंहि दुरुस्त होऊन पुन्हा रुळांवर धावूं लागलीं.

१९०७ पासून गोथल्स यांच्या अमदानींत या व्यवस्थेला भर आला. संध्याकाळीं खणणारे लोक खिंडींतून वर चढत आणि दुरुस्तीवाले शेंकड्यांनीं खालीं उतरत. कोळशाच्या गाड्या दिवे पाजळीत फावड्यांपाशीं येत. रूळ बसविणाऱ्या टोळ्या उद्यांची वाट तयार करीत. सकाळच्या आंत जें नीट होणार नाहीं, तें उद्यांच्या कामांतून बाद. हिशेब इतका सरळ होता.

त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत 'कॅनाल रेकॉर्ड' हें साप्ताहिक निघालें. त्यांत कोणत्या फावड्यानें किती माती काढली हें छापून येऊं लागतांच फावडेवाल्यांत चढाओढ लागली. १९०९ च्या मार्चमध्यें ६८ फावड्यांनीं वीस लक्ष घनयार्डांहून अधिक माल खिंडींतून उपसला. चढाओढ दिवसाची, तिची झीज मात्र रात्रीं भरून काढावी लागे. न तुटलेल्या सांखळीचा आंकडा कोण छापणार?

शिवाय एक संकट असें होतें कीं तें कोणत्याहि तपासणींत दिसत नसे. न उडालेला सुरुंग खडकांत दडून राही, आणि फावड्याचा दात त्यावर पडला कीं स्फोट होई. फावड्याभोंवतीं अंगमेहनत करणारे बहुतेक बार्बाडोसकडील बेटांतले कृष्णवर्णीय मजूर. त्यांचा पगार चांदीच्या यादींत, गोऱ्या अमेरिकनांचा सोन्याच्या यादींत. अमेरिकन काळांत रोगानें व अपघातानें ५,६०९ माणसें दगावल्याची सरकारी नोंद आहे. त्यांतील सुमारें ४,५०० कृष्णवर्णीय होतीं. यंत्राच्या दुव्यादुव्यावर नजर ठेवणाऱ्या व्यवस्थेनें माणसांचे असे दोन भाव ठरवावे, हें तिच्या कर्तबगारीशेजारींच नमूद केलें पाहिजे.

२० मे १९१३ रोजीं दोन बाजूंनीं खणत आलेलीं २२२ व २३० क्रमांकांचीं फावडीं खिंडीच्या तळाशीं समोरासमोर आलीं. त्या सुमारास गाटुनच्या धरणामागें पाणी चढत होतें. गोर्गोनाचा कारखाना बाल्बोआला हलविण्यांत आला, आणि जेथें तीं यंत्रें दुरुस्त होत असत ती जागा कालव्याच्याच तलावाखालीं गेली.