चित्रकलेच्या तासाची वंशावळ

चौथीच्या वर्गात "काढा रे चित्र" म्हटले की बहुतेक वह्यांत तोच देखावा उतरतो. दोन टोकदार डोंगर, मधून वर येणारा सूर्य, खाली नदी, काठाला कौलारू झोपडी. सिंदखेडराजाच्या पोराने रोज लखुजी जाधवांच्या वाड्यावरून शाळेत जावे आणि वहीत मात्र ही झोपडी काढावी, लोणारच्या पोरीने उल्केच्या विवराकाठी वाढावे आणि काढावी ती कुठलीशी नदी, हे मला फार लागते. मुलांना हे चित्र कुणी दिले? फार मागे जावे लागते, आणि वाट निघते ती कापसाच्या गाठींकडे.

1835 साली ब्रिटिश पार्लमेंटने एक समिती नेमली. तिची काळजी मालाच्या खपाची होती. फ्रेंच कापडावरची नक्षी सरस ठरत होती आणि इंग्रज कारखानदार मागे पडत होते. कारागिराचा हात सुधारला पाहिजे, असे ठरले आणि 1837 मध्ये लंडनला सरकारी 'स्कूल ऑफ डिझाईन' निघाले. 1851 च्या जंगी प्रदर्शनानंतर हेन्री कोल यांनी सरकारी कलाशिक्षण खात्याची सूत्रे हाती घेतली. पुढे साउथ केन्सिंग्टनला गेलेल्या त्या खात्यात रिचर्ड रेडग्रेव्ह यांनी चित्रकला शिकण्याच्या 23 पायऱ्या आखल्या. आधी सरळ रेघ, भूमितीच्या आकृत्या, मग छापील नमुन्याची बाह्यरेषा जशीच्या तशी उतरवणे, मग प्लॅस्टरचे नमुने. स्वतःच्या कल्पनेला वाव मिळे तो अगदी वरच्या पायऱ्यांवर. तिथवर पोचणारे थोडेच असत. बाकीच्यांच्या वाट्याला नक्कल.

या गोष्टीत सिंदखेडराजा-लोणारचा बुलढाणा जिल्हाही आहे, फक्त दुसऱ्या टोकाला. 1870 मध्ये जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला तो कापसासाठी. वऱ्हाडची रुई गाठी बांधून मुंबईला आणि तिथून बोटीने इंग्लंडच्या गिरण्यांत जात होती. ज्या कापडावरच्या नक्षीपायी चित्रकलेचा अभ्यासक्रम जन्मला, त्यातले सूत पुढे आपल्या काळ्या मातीतलेही होते.

मुंबईत जमशेटजी जिजीभाईंच्या देणगीतून 1857 मध्ये कलाशाळा सुरू झाली. 1865 मध्ये जॉन ग्रिफिथ्स तिथे शिकवायला आले. ते साउथ केन्सिंग्टनचेच विद्यार्थी. पुढे तेच प्रमुख झाले आणि मुंबई इलाख्यातल्या शाळांना जी चित्रकला मिळाली ती याच घराण्याची: मुक्तहस्तचित्र, भूमिती, वस्तुचित्र, स्मरणचित्र. याच ग्रिफिथ्सनी 1872 पासून 1885 पर्यंत पेस्तनजी बोमनजींसारख्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. बुलढाणा शहर ज्या डोंगररांगेवर आहे, तिच्याच कुशीत ती लेणी. तिथे भिक्षूंचे, झुकलेल्या मानेचे, गर्दीतल्या हत्तींचे चित्रण इतके जिवंत की पाहणारा हलत नाही. शाळेच्या पाठात यातले काही उतरले नाही. कारागीर घडवायचा तर रेघ शिकवावी, एवढेच त्या पाठाला ठाऊक होते.

वऱ्हाड तर त्या वेळी मुंबई इलाख्यात नव्हतेच. 1853 मध्ये निजामाकडून ते इंग्रजांच्या कारभारात आले, 1903 मध्ये मध्यप्रांताला जोडले गेले आणि 1956 मध्ये राज्य पुनर्रचनेनंतर मुंबई राज्यात आले. त्या सगळ्या काळात घरातली चित्रकला तिच्या वाटेने चालूच होती. नागपंचमीला भिंतीवर काढलेले नाग, पोळ्याला बैलाच्या अंगावर गेरूचे ठिपके आणि पंजे, दारातली रांगोळी, भुलाबाईचा मांडलेला संसार. आजीच्या मांडीला मांडी लावून पोरगी बोटाच्या चिमटीतून रेघ सोडायला शिके. कागद नव्हता, परीक्षा नव्हती, पण कौशल्य होते, आणि शाळेने त्याला कधी विद्या म्हटले नाही. मला वाटते, आपल्या चित्रकला शिक्षणातले सर्वांत मोठे नुकसान हेच.

दुसरी शाखा विदर्भातच फुटली. तिच्यासारखाच विचार आधी युरोपात मांडला गेला होता: व्हिएन्नात फ्रान्झ चिझेक यांनी 1897 च्या सुमारास मुलांसाठी वर्ग चालवला आणि मुलाचे चित्र म्हणजे मोठ्या माणसाचे बिघडलेले चित्र नव्हे, हे त्यांनी जगापुढे मांडले. आपल्याकडे राष्ट्रीय शिक्षणाच्या हवेत कलेला वेगळा मान मिळाला. खामगावात टिळक राष्ट्रीय विद्यालय आणि पंधे गुरुजी ही नावे आजही चित्रकलेशी जोडून घेतली जातात. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन समितीने हस्तोद्योगातून शिक्षण देणाऱ्या नयी तालीमचा अभ्यासक्रम आखला आणि त्यात चित्रकलेला जागा मिळाली. 1944 मध्ये शांतिनिकेतनात शिकलेले देवी प्रसाद वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला आले. जवळजवळ दोन दशके त्यांनी खेड्यातल्या मुलांसोबत काम केले. मुलाच्या चित्रावर मोठ्यांचे माप लावू नये आणि कला हा शिक्षणाचा पाया धरावा, हे त्यांचे म्हणणे त्यांनी पुढे पुस्तकातून सविस्तर मांडले.

ही शाखा मात्र सरकारी शाळांत फोफावली नाही. फोफावली ती परीक्षेची. 1965 मध्ये राज्याचे कला संचालनालय झाले आणि त्याच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षा गावोगाव पोचल्या. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिती आणि अक्षरलेखन. रेडग्रेव्हना हे कागद दाखवले असते तर त्यांनी आपली नातवंडे ओळखली असती. या परीक्षांनी खेड्यापाड्यातल्या मुलांच्या हाती पेन्सिल, ब्रश आणि कॅम्लिनचे रंग दिले, कितीतरी जणांना कलाशिक्षक केले, हे ऋण मोठे आहे. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला 7, 5 किंवा 3 वाढीव गुण मिळू लागल्यावर मात्र कित्येक घरांत चित्रकला गुणांपुरती उरली.

आणि या परीक्षा माध्यमिक शाळेतल्या मुलांसाठी आहेत. पहिली ते पाचवीच्या मुलांचे काय? व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी 1947 मध्ये मुलांच्या चित्रांच्या वाढीचा अभ्यास मांडला. साधारण नऊ ते अकराच्या वयात मुलाला आपले चित्र खऱ्यासारखे दिसावे असे वाटू लागते, ते जमत नाही म्हणून ते खट्टू होते आणि पुष्कळदा चित्र सोडूनच देते. डोंगर-सूर्य-झोपडीचा आसरा घेण्याचे वय हेच. ते चित्र चुकत नाही, त्याला कुणी हसत नाही. याच वेळी कुणी शेजारी बसून दाखवायला हवे असते: पुढचे झाड मागच्या भिंतीला झाकते, बैलाचा पाय गुडघ्यात कुठे वळतो, लोणारचे तळे वरून बशीसारखे दिसते तर काठावरून आडव्या पट्टीसारखे. ही शिकवता येणारी कौशल्ये आहेत. देवी प्रसादांचे मोकळेपण आणि रेडग्रेव्हची शिस्त, दोन्हींतले थोडेथोडे त्यांना लागते.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे. ती सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, आणि तीही शाळेत शंभराहून अधिक मुले असतील तरच. चौथी-पाचवीचा तास गणित, परिसर अभ्यास, पोषण आहाराच्या नोंदी सांभाळणाऱ्या वर्गशिक्षकांवरच आहे. आधी बदलायचे असेल तर ते इथे. खालच्या वर्गांना निदेशक द्यावा, निदान केंद्रातल्या चार-पाच शाळांत मिळून एक.