दोनशे डॉलरांची प्रयोगशाळा

वनस्पतिशास्त्राच्या अध्यापकाला वर्गात फूल दाखविता येते. रसायनशास्त्राच्या अध्यापकाला नळीतील द्रवाचा रंग पालटून दाखविता येतो. मानसशास्त्राच्या अध्यापकाने दाखवावे तरी काय? मन ना डोळ्यांना दिसते, ना चिमटीत सापडते. म्हणूनच एकोणिसाव्या शतकात बहुतेक महाविद्यालयांत हा विषय तत्त्वज्ञानाचे एक प्रकरण म्हणून ग्रंथावरून सांगितला जाई. अमेरिकेतील एका अध्यापिकेने ही अडचण कशी दूर केली, ते पाहण्याजोगे आहे.

मेरी व्हिटन कॅल्किन्स या वेलस्ली येथील स्त्रियांच्या महाविद्यालयात १८८७ पासून ग्रीक शिकवीत असत. पुढे त्यांच्याकडे मानसशास्त्र सोपवायचे ठरले. अट एवढीच की, त्यांनी आधी वर्षभर त्या विषयाचे अध्ययन करावे. हार्वर्ड विद्यापीठात तेव्हा स्त्रियांना प्रवेश नव्हता. पुष्कळ खटपटीनंतर १८९० साली त्यांना केवळ पाहुणी म्हणून विल्यम जेम्स यांच्या वर्गात बसू देण्यात आले. इतर विद्यार्थी एकेक करून गळाले आणि ग्रंथालयातील शेकोटीच्या दोन बाजूंना गुरू आणि शिष्या असे दोघेच उरले. प्रयोगांची दीक्षा त्यांना क्लार्क विद्यापीठाच्या एडमंड सॅनफर्ड यांनी दिली.

१८९१ साली त्यांनी वेलस्लीत प्रयोगशाळा उघडली. खर्च सुमारे दोनशे डॉलर. विद्यार्थिनी मात्र पन्नासांहून अधिक. कोकराच्या मेंदूचे विच्छेदन त्या मुलींनी स्वतःच्या हातांनी केले. त्यानंतर संवेदनांचे प्रयोग आले. त्या काळच्या प्रयोगशाळांतून रूढ असलेला एक प्रयोग असा : कर्कटकाची दोन टोके बोटाच्या अग्रावर टेकली, तर ती दोन भासतात, तेवढ्याच अंतराने पाठीवर टेकली, तर एकच भासते. हे वाचून कळते खरे, पण पटते ते स्वतःच्या पाठीवर अनुभवल्यावरच. विद्यार्थिनीच प्रयोग करणारी आणि विद्यार्थिनीच प्रयोगाचा विषय, ही या अध्यापनाची गुरुकिल्ली होती. महागड्या उपकरणांवाचून अडले नाही, कारण मुख्य उपकरण प्रत्येकीजवळ होतेच.

अध्यापिकेनेही स्वतःला त्यातून वगळले नाही. गजराच्या घड्याळाने रात्री-अपरात्री जागे होऊन त्यांनी आपली २०५ स्वप्ने टिपली. १८९३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असे दिसले की, स्वप्नांत बहुधा नित्याच्या परिचयाची माणसे, स्थळे आणि नुकतेच अनुभवलेले प्रसंगच पुन्हा भेटतात.

१८९५ साली हार्वर्डच्या परीक्षकांनी त्यांना डॉक्टरेटसाठी एकमताने योग्य ठरविले. विद्यापीठाने त्या स्त्री आहेत म्हणून ती पदवी नाकारली. १९०२ मध्ये हार्वर्डशी संलग्न असलेल्या रॅडक्लिफ या स्त्रियांच्या महाविद्यालयाची पदवी त्यांना देऊ करण्यात आली. अध्ययन जेथे केले, तेथील पदवी हवी, म्हणून ती त्यांनी स्वीकारली नाही. १९०५ साली त्या अमेरिकन मानसशास्त्र परिषदेच्या पहिल्या स्त्री अध्यक्षा झाल्या. १९३० साली त्या निवर्तल्या, त्या हार्वर्डच्या पदवीविनाच.

त्यांच्या परीक्षकांत ह्यूगो म्युन्स्टरबर्ग होते. त्यांचेच एक भारतीय शिष्य नरेंद्रनाथ सेनगुप्त यांच्याकडे १९१६ साली कलकत्ता विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागाची आणि प्रयोगशाळेची धुरा आली. गुरुपरंपरेचे धागे असे दूरवर पोहोचतात. पदवी देणे वा नाकारणे विद्यापीठाच्या हाती असते. परंतु पन्नास मुलींना स्वतःच्या मनाकडे डोळसपणे पाहावयास शिकविण्याचा अधिकार कॅल्किन्स यांनी कोणाकडे मागितला नाही. तो त्यांनी आपल्या कामाने मिळविला.